बाळ रात्री का जागते? झाशी, मुंबई आणि शिकागो

ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखावे कसे, हा प्रश्न काश्यपसंहितेत वृद्धजीवकाने आपल्या गुरूपुढे ठेवला आहे. या ग्रंथाची ताडपत्रावरील अपूर्ण पोथी नेपाळात मिळाली आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती १९३८ साली छापली गेली. तिच्यातील ‘वेदनाध्याय’ आजच्या वाचकालाही चकित करतो. बाळ हातांनी कानांना स्पर्श करते, डोके सारखे फिरवते, दूध नको म्हणते आणि झोपत नाही, तेव्हा कान दुखतो असे समजावे. स्तन झिडकारते, रडते, पोट ताठरते, चेहऱ्याला घाम सुटतो, तेव्हा पोटात शूळ आहे. येथे निद्रानाश स्वतंत्र रोग नाही. इतर खुणांच्या जोडीने वाचायची ती एक खूण आहे. माझ्या मते ही दृष्टी पुढील कित्येक शतकांच्या उपचारांहून अधिक शास्त्रीय होती.

अध्याय वेदनांचा असल्याने, ज्या बाळाला काहीच दुखत नाही ते का जागते, हा प्रश्न मात्र त्यात येत नाही. आणि घराघरांतील खरा प्रश्न बहुधा तोच असतो.

झाशीचे उदाहरण घेऊ. १७४२च्या सुमारास नारो शंकरांच्या सुभेदारीबरोबर येथे मराठी वस्ती वाढली, पुढे नेवाळकरांचे राज्य आले आणि त्यांच्यामागून देशावरच्या व कोकणातल्या घरांतील सहाण, बाळगुटी आणि पाळणाही बुंदेलखंडात पोचला. गुटीतील मुरडशेंग पोटाच्या मुरड्यासाठी, वेखंड वाचेसाठी आणि जायफळाचा एखादा वेढा झोपेसाठी, हा हिशेब आजही तेथील जुन्या मराठी कुटुंबांतील आज्यांना तोंडपाठ असतो. बाळ तरीही जागले, तर दोन कारणे हाताशी असत: दृष्ट लागली, किंवा आईने काहीतरी भलते खाल्ले. मीठमोहऱ्या ओवाळल्याने कोणाचे नुकसान होत नाही. दुसऱ्या कारणाने मात्र बाळंतिणीचे ताट रिकामे होत गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

१८५१ साली राणी लक्ष्मीबाईंना पुत्र झाला आणि अवघ्या काही महिन्यांत तो गेला. त्याच वर्षी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ‘ग्राइप वॉटर’ तयार केले. या योगायोगाला अर्थ काही नाही. पण राजवाड्यातही बाळाचे जगणे किती अनिश्चित होते आणि त्याच काळात रडणाऱ्या बाळाची बाजारपेठ कशी उभी राहत होती, हे त्यातून एकदम दिसते. ग्राइप वॉटरमध्ये शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे. ब्रिटनमध्ये त्यातील मद्यार्क निघण्यास १९९०चे दशक उजाडले. अमेरिकेत १८४९पासून विकले जाणारे ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ याहून भयंकर होते, कारण त्यात थेट मॉर्फीन होते. बाळ शांत होई. काही बाळे कायमची शांत होत.

आपल्याकडे या कामाला साधी अफू होती. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे देशभरातून साक्षी झाल्या आणि तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल किती पसरलेली आहे हे नोंदले गेले. मराठी समाजाशी सर्वांत जवळची नोंद मुंबईची आहे. १९२२ साली डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरण्यांतील स्त्री कामगारांची पाहणी केली. या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असा आकडा त्या पाहणीतून पुढे आला. तिचे बाजारातील नाव ‘बाळगोळी’. नाव किती गोड! पहाटे पाळीला जाणाऱ्या कोकण-घाटावरच्या स्त्रीला चाळीच्या एका खोलीत बाळ सोडून जावे लागे. रात्री ते जागले तर तिची झोप जाई, दिवसा जागले तर सांभाळायला कोणी नसे. अफूचा अंमल असलेले बाळ भूक लागूनही उठत नाही, म्हणून दूध पीत नाही, म्हणून सुकत जाते. शिवाय अफू श्वसनाची प्रेरणाच मंद करते, आणि प्रौढाला किरकोळ वाटणारी मात्रा चार किलोच्या देहाला पुरून उरते. त्या आईला अडाणी म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. तिने बाळाच्या जागण्याचे कारण शोधले नाही, कारण शोधायला लागणारा वेळ गिरणीच्या भोंग्याने आधीच घेतला होता.

निरोगी बाळाच्या जागण्याचे उत्तर त्यानंतर तीस वर्षांनी शिकागोत हाती लागू लागले. नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपलेल्या बाळांच्या पापण्यांची हालचाल तासन्‌तास पाहत बसण्याचे कंटाळवाणे काम मिळाले. हालचाल ठरावीक अंतराने थांबते आणि पुन्हा सुरू होते, हे त्यांना दिसले. तोच धागा धरून प्रौढांच्या झोपेकडे वळल्यावर १९५३ साली जलद नेत्रचलनाच्या निद्रेचा शोध जाहीर झाला. स्वप्नांच्या विज्ञानाची सुरुवात पाळण्यापाशी झाली, ही गोष्ट पाठ्यपुस्तके घाईने ओलांडतात. बाळाच्या झोपेचे आवर्तन सुमारे ५० ते ६० मिनिटांचे, तर प्रौढांचे साधारण ९० मिनिटांचे असते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, क्षणभर जागतो आणि सकाळी ते विसरतो. बाळाला अशा उंबरठ्यांवरून रात्रीत अधिक वेळा जावे लागते, आणि परत आत जाण्याची कला त्याला अजून यायची असते.

त्याच वर्षी क्लाइटमन आणि एंगेलमन यांनी बाळांच्या झोपेच्या दैनंदिन नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका बाळाचा आलेख भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावा. दर दिवसाची एक ओळ, झोपेच्या जागी रेघ. पहिल्या आठवड्यांत रेघा विखुरलेल्या आहेत. मग झोपेचा एक पट्टा तयार होतो, पण तो तिरका सरकत जातो, कारण आतले घड्याळ २४ तासांहून किंचित लांब दिवस मोजत असते. बाहेरच्या दिवसाशी त्याचे कुलूप अजून बसलेले नसते. पुढे पट्टा सरळ होऊन रात्रीवर स्थिरावतो. दोन लंबक एका तुळईला टांगले तर हळूहळू एका लयीत येतात, हे हायगेन्झने १६६५ साली पाहिले होते. येथे एक लंबक पृथ्वी आहे. दुसऱ्याचा दुवा म्हणजे डोळ्यांतून मेंदूत जाणारा उजेड, आणि रात्रीचे मेलाटोनिन नियमित स्रवू लागण्यास साधारण दोन-तीन महिने लागतात. म्हणून दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा मंद ठेवणे यात उपचारापेक्षा अधिक भौतिकी आहे.

झाशीत आणखी एक कारण उभे असते: उन्हाळा. आमची मुलगी पाच महिन्यांची असताना मे महिन्यात आम्ही तेथे सासरी होतो. मी सवयीने वही घातली: जागण्याची वेळ, दूध, खोलीचे तापमान. नव्या खोलीत ती निजल्यावर पहिल्या दोन तासांतच वारंवार उठे. आजेसासूबाईंच्या जुन्या दगडी खोलीत तसे होत नसे. एका बाळावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण गणित करता येते. दिवस-रात्रीची उष्णतेची लाट दगडात शिरताना साधारण दर १६-१७ सेंटिमीटरला तिची उंची एक-तृतीयांशाजवळ येते. अर्ध्या मीटरच्या भिंतीतून ती जेमतेम विसावा भाग उरून, तीही सुमारे अर्ध्या दिवसाच्या उशिराने पोचते. पंधरा सेंटिमीटरच्या स्लॅबमधून मात्र तिचा तिसरा हिस्सा चार तासांनी खाली उतरतो, आणि छत निजेच्या वेळेलाही तापलेलेच असते. प्रौढाच्या तुलनेत बाळाचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने दुपटीहून अधिक असल्याने ते उष्णता चटकन घेते. “स्लॅबखाली काय निजेल पोर,” असे आजेसासूबाई आधीच म्हणाल्या होत्या. त्यांना समीकरण लागले नाही.

बाळाने जागूच नये ही इच्छाही एकदा तपासून पाहिली पाहिजे. पालथे निजवलेली बाळे अधिक गाढ झोपतात आणि सहजी जागी होत नाहीत. १९९०च्या दशकात ब्रिटन व अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याच्या मोहिमा झाल्या आणि झोपेतील अचानक मृत्यू झपाट्याने घटले. श्वास अडला तर दचकून उठणे हे बाळाचे संरक्षण आहे, आणि अफू नेमके तेच काढून घेत होती.

काही जागणी मात्र अजूनही वेदनाध्यायातील आहेत. ताप, कान धरून रडणे, दूध सोडणे, हिरवी किंवा वारंवार उलटी, निजताना घरघरणारा श्वास यांपैकी काही असेल तर रात्रीच डॉक्टर गाठावा. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय जायफळही नको, मग गोळी तर दूरच. सहा महिन्यांनंतर लोहाचा विचार करावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला, आणि लोहाची कमतरता असलेल्या बाळांच्या झोपेची घडण बदलते असे अभ्यास सांगतात. त्यासाठी रक्ताची एक साधी तपासणी पुरते.