अलादीनच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत?

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदी बोलणारा डिस्नेचा अलादीन पाहिलेली आमची पिढी आता चाळिशी ओलांडून गेली. 1994-95 ची ती कार्टून मालिका 86 भागांची होती. तिचं मूळ होतं रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांचा 1992 चा चित्रपट. आज आमची मुलं तीच दृश्यं मोबाईलवर पाहतात, थांबवून थांबवून पाहतात आणि त्यातल्या लपवलेल्या गमती नि चुका शोधतात. हा खेळ मला आवडतो. पुराव्याकडे नीट बघण्याची हीच सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागते. फक्त खेळ थोडा पुढे न्यायला हवा.

लपवलेल्या खुणा

आधी सोप्या गमती. सुलतान प्राण्यांच्या छोट्या बाहुल्या एकावर एक रचत असतो, त्यात ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट आहे. अलादीन खोटं बोलतो तेव्हा जिनीचं डोकं क्षणभर पिनोकिओचं होतं. ‘लिटल मरमेड’मधला सेबॅस्टियन खेकडाही एकदा डोकावून जातो. शेवटी मोकळा झालेला जिनी गूफीची टोपी घालून निघतो. सुरुवातीला दिवा विकायला आलेला फेरीवाला हाच जिनी असावा, अशी शंका चाहत्यांना वर्षानुवर्षं होती. दोघांना आवाज रॉबिन विल्यम्सचाच आहे आणि दोघांच्या हाताला चारच बोटं आहेत. 2015 मध्ये दिग्दर्शकांनी ती शंका खरी ठरवली.

मालिकेत सलगपणाची एक अडचणही होती. चित्रपटात दुष्ट जाफरचा साथीदार असलेला इयागो पोपट मालिकेत अलादीनचा मित्र असतो. हा बदल ‘रिटर्न ऑफ जाफर’ या मधल्या व्हिडिओ-चित्रपटात घडला होता. तो न पाहिलेल्या प्रेक्षकाला पोपटाचं मन कधी पालटलं ते कळायचं नाही.

एका रात्रीत चार हजार वर्षं

आता इतिहासाच्या चुका. सुलतानाचा महाल सरळ ताजमहालाच्या घाटाचा आहे. ताजचं बांधकाम 1632 मध्ये सुरू झालं. अलादीन आणि जस्मिन गालिच्यावरून उडत जातात तेव्हा खाली इजिप्तमध्ये एक कारागीर स्फिंक्सचं नाक घडवत असतो. त्याचं लक्ष विचलित होतं आणि नाक तुटून पडतं. स्फिंक्स इसवी सनापूर्वी 2500 च्या आसपासचा. त्याच रात्री दोघं चीनच्या राजवाड्याच्या छपरावर उतरतात, आणि तो राजवाडा 1406 ते 1420 या काळात बांधला गेला. म्हणजे एका गाण्यात जवळजवळ चार हजार वर्षं उलटतात.

दहा हजार वर्षं दिव्यात अडकलो होतो, असं जिनी सांगतो. दहा हजार वर्षांपूर्वी धातू ओतून असा तोटीचा दिवा करण्याची विद्याच माणसाकडे नव्हती. जस्मिनचा पाळीव प्राणी पट्टेरी वाघ आणि त्याचं नाव राजा. अरबी वाळवंटात पट्टेरी वाघ नाही. वाघही हिंदुस्थानचा, नावही हिंदुस्थानचं, महालही हिंदुस्थानचा; तरी गाणं अरबस्तानचं.

कोणी म्हणेल, परीकथाच ती, तिला तारखा कशाला विचारायच्या? हे मान्य. परीकथेला काळ नसतो. पण इथे काळाबरोबर ठिकाणंही एकमेकांत कालवली आहेत. दिल्ली, बगदाद, कैरो, पेकिंग सगळं मिळून एकच ‘पूर्व’. दूरच्या माणसाला आपल्यातला फरक दिसेनासा झाला की अशी चित्रं तयार होतात.

पाट्या आणि एक गाणं

उर्दू शिकवणाऱ्या माणसाची नजर दुकानांच्या पाट्यांवर जाते. अग्राबाच्या बाजारातल्या पाट्यांवर अरबी वळणाच्या रेघोट्या आहेत, अक्षरं नाहीत. इयत्ता तिसरीच्या मुलाला ‘अलिफ, बे’ येत असेल तर तोही सांगेल की इथे वाचण्यासारखं काही नाही. कोट्यवधी डॉलर्सच्या चित्रपटात चार शब्द लिहून देणारा एक जाणकार मिळाला नसता का? अमेरिकेतल्या अरबांनी तेव्हाच हे दाखवून दिलं होतं. सुरुवातीच्या गाण्यातल्या, कान कापण्याचा उल्लेख असलेल्या ओळीवरही त्यांनी आक्षेप घेतला. 1993 मध्ये व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ती ओळ बदललेली होती. त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला. तो 2019 च्या नव्या चित्रपटात गेला.

शहराचं नावही असंच घडलं. आधी गोष्ट बगदादची होती. आखाती युद्ध सुरू झालं, बगदादवर बॉम्ब पडू लागले आणि पडद्यावरचं बगदाद ‘अग्राबा’ झालं. पुढे डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेने मतदारांना विचारलं, अग्राबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकन पक्षाच्या 30 टक्के मतदारांनी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या 19 टक्के मतदारांनी होकार दिला. अग्राबा कार्टूनमधलं शहर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाव ऐकायला मुसलमानी वाटलं, तेवढं पुरलं. ज्या पाट्यांवर आपण हसतो, त्याच रेघोट्यांना कुणीतरी खरा देश समजत असतो.

गोष्ट कोणाची?

सगळ्यात मोठी लपलेली खूण पडद्याबाहेर आहे. ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीनची गोष्ट नाही. फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ याला ती 1709 मध्ये पॅरिसमध्ये हन्ना दियाब या तरुणाने सांगितली. दियाब सीरियातल्या अलेप्पोचा अरब ख्रिस्ती. गालाँने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली, पण छापलेल्या पुस्तकात त्याचं नाव घातलं नाही. दियाबने पुढे लिहिलेलं आत्मवृत्त व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. ते त्याचं आहे, हे 1993 मध्ये ओळखलं गेलं.

त्या छापील गोष्टीत अलादीन चीनमध्ये राहतो. बाप मुस्तफा शिंपी, तो लवकर वारतो. मग घर चालवते आई. सुलतानाच्या दरबारात रत्नं घेऊन मुलासाठी मागणी घालायला तीच जाते. तीन इच्छांची अटही तिथे नाही. डिस्नेच्या आधीच्या आराखड्यात आई होती, तिच्यासाठी एक गाणंही रचलेलं होतं. नंतर तिला कात्री लागली. सलगपणातली ही चूक मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. कष्ट करणारी विधवा आई काढली आणि वाघ आणला.

कोकणातून पाहताना

मराठीत या गोष्टी 1860 च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणायला घेतल्या. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे नाव मराठीत असं रुजलं की आज कुणी थाप मारली तरी आपण सुरस आणि चमत्कारिक म्हणतो. पण शीर्षकात अरबी असलं तरी त्या इंग्रजीच्या वाटेने आल्या. गंमत बघा, अरबस्तान आमच्या किनाऱ्यासमोर आणि त्याच्या गोष्टी पॅरिस-लंडनला वळसा घालून आमच्या घरात.

माणसं मात्र सरळ आली होती. दहाव्या शतकात अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला येऊन गेला आणि तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं लिहून ठेवलं. मालवणच्या बंदरावर आजही खलाशी म्हणतात, तो शब्द अरबी. नाखवा फारसीतल्या नाखुदातून आला. ज्या मोसमी वाऱ्यांची आम्ही वाट पाहतो, तो मोसमही अरबी ‘मौसिम’. हा शब्दांचा ठेवा हिंदू गाबीत आणि मुसलमान दालदी दोघांच्याही तोंडात आहे. आमचा अरबस्तानाशी संबंध उडत्या गालिच्यातून आला नाही. तो शिडांतून, खजुरातून, घोड्यांच्या व्यापारातून आणि लग्नांतून आला, आणि इथल्या मातीत मिसळून मालवणी झाला.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि पालकांना एक सुचवतो. मुलांना हे कार्टून जरूर पाहू द्या. फक्त सोबत एक कागद द्या आणि तीन रकाने आखा: काय दिसलं, ते कुठलं, कोणत्या काळातलं. महाल, वाघ, स्फिंक्स, पाटी, सगळं त्यात भरू दे. शेवटच्या ओळीत गोष्ट सांगणाऱ्याचं नाव लिहायला लावा. हन्ना दियाब, अलेप्पो. तीनशे वर्षं ते लिहायचं राहून गेलं होतं.