१९११ : हरलेला दौरा आणि पालवणकर बाळू

१/ २९ जुलै १९११. कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असे नमवून फुटबॉलची आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या विजयाचे स्मरण आजही होते. त्याच उन्हाळ्यात दुसरा एक भारतीय संघ इंग्लंडमध्ये क्रिकेटचे सामने एकामागून एक हरत होता. त्या विस्मृत हंगामाविषयी हा धागा.

२/ पारशी संघ १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते. १९११ चा संघ मात्र प्रथमच सर्व समाजांचा होता. निवड झाली ती समाजवार : सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. नेतृत्व पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे.

३/ निकाल असा : सामने २३, विजय ६, पराभव १५, अनिर्णित २. पंचम जॉर्ज यांचा राज्यारोहण सोहळा त्याच जूनमध्ये होता. महाराज दरबारी भेटीगाठींत रमले आणि मोजकेच सामने खेळले. संघाचे आघाडीचे फलंदाज केकी मिस्त्री हे महाराजांचे चिटणीस, त्यामुळे तेही बहुतेक वेळ संघाबाहेर राहिले. रणजितसिंहजी तर संघात नव्हतेच.

४/ या पडझडीत एक माणूस अखंड गोलंदाजी करीत राहिला : डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तेही १९ हून कमी धावांच्या सरासरीने. तेव्हा त्यांचे वय होते पस्तीस.

५/ बाळू चर्मकार समाजातले, मूळ गाव कोकणातले पालवण. पुण्यात मैदान झाडण्यापासून आणि खेळपट्टी राखण्यापासून त्यांनी सुरुवात केली. सरावाला येणाऱ्या इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात चेंडू सर्वांचा एकच होता. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

६/ जुलैमध्ये लेस्टरशरविरुद्ध बाळूंनी अकरा बळी टिपले आणि संघाला काउंटीवरचा पहिला विजय लाभला. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्ध अवघा एक गडी राखून सामना जिंकला. तिथे नाबाद शतक होते बाळूंचे धाकटे बंधू शिवराम यांचे. दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे विजय एवढे दोनच, आणि दोन्हींवर पालवणकरांची मोहर.

७/ इतिहासकार रामचंद्र गुहा नोंदवतात की, मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला आणि त्यांना मानपत्र दिले ते एका तरुणाने. तो तरुण म्हणजे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारे भीमराव आंबेडकर.

८/ पुढे १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू वाटाघाटींत होते. १९३७ मध्ये मुंबईत ते काँग्रेसतर्फे त्याच आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. दोघांच्या राजकीय वाटा तोवर वेगळ्या झाल्या होत्या.

९/ हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच दिले गेले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पतियाळाच्या महाराजांना जे पद केवळ जन्माने मिळाले, ते पालवणकरांच्या घरी यायला आणखी बारा वर्षे आणि एका भावाची सारी कारकीर्द खर्ची पडली. १९११ च्या पंधरा पराभवांशेजारी हा हिशेबही मांडायला हवा.