हूवर धरण आणि त्याचे कामकरी

अमेरिकेतील कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतात उगम पावून नैऋत्येकडील रखरखीत वाळवंटातून वाहत जाते. पूर्वी बर्फ वितळले की तिला महापूर येत, आणि उन्हाळा सरता सरता तिचे पात्र रोडावे. १९०५ साली तर ती मार्ग सोडून कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात शिरली व तिला माघारी वळविण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या लहरी नदीस आवर घालावा, तिच्या पाण्यावर शेती पिकवावी व वीज निर्माण करावी, या हेतूने १९२८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. नेव्हाडा व ॲरिझोना यांच्या सीमेवरील ब्लॅक कॅन्यन ही अरुंद दरी धरणासाठी निवडण्यात आली.

१९३१ साली काम सुरू झाले, तो काळ महामंदीचा होता. काम मिळेल या आशेने हजारो बेकार तेथे लोटले. कित्येकजण बायकामुलांसह नदीकाठी तंबूंत राहिले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात उष्म्याने अनेकांचे बळी घेतले. ऑगस्टमध्ये बोगद्यांतील काही मजुरांची मजुरी कमी होताच संप झाला. पिण्यास स्वच्छ व थंड पाणी मिळावे, खाणीविषयक कायदे पाळले जावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ठेकेदारांनी त्या फेटाळल्या आणि संप मोडला; तथापि त्यानंतर राहण्याची व्यवस्था सुधारली.

या कामातही माणसामाणसांत भेद होताच. चिनी मजुरांना कामावर घेण्यास करारानेच मनाई होती. कृष्णवर्णीयांना थोडीफार कामे मिळाली, परंतु कामगारांसाठी वसविलेल्या बोल्डर सिटीत त्यांना घर मिळाले नाही.

नदी वळविण्यासाठी कड्यांतून ५० फूट व्यासाचे चार बोगदे खोदण्यात आले. आत पेट्रोलच्या मोटारी चालत आणि त्यांचा विषारी धूर कोंडून राही. नोव्हेंबर १९३२ मध्ये नदी बोगद्यांतून वाहू लागली. ६ जून १९३३ रोजी काँक्रीट ओतण्यास प्रारंभ झाला. एवढी राशी आपोआप निवण्यास शतकाहून अधिक काळ लागला असता. म्हणून ती ठोकळ्याठोकळ्यांनी रचून, आत पोलादी नळ्या घालून त्यांतून थंड पाणी खेळविण्यात आले. दोन वर्षांत ७२६ फूट उंचीची भिंत उभी राहिली. ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी धरण राष्ट्रास अर्पण केले, आणि १९३६ साली येथील वीज लॉस एंजेलिसला पोहोचली.

बांधकामावरील मृत्यूंचा अधिकृत आकडा ९६ आहे. धरणाच्या पूर्वपाहणीच्या काळात टिअर्नी नावाचा एक कर्मचारी नदीत बुडाला होता. पुढे त्याच तारखेस, २० डिसेंबर १९३५ रोजी, त्याचा मुलगा धरणाच्या पाणी घेण्याच्या मनोऱ्यावरून पडून मरण पावला. काँक्रीटमध्ये माणसे गाडली गेली, ही कथा मात्र खरी नाही. एका वेळी ओतलेला थर माणूस बुडेल इतका खोल नसे. खरी हरवलेली माणसे वेगळीच होती. बेचाळीस कामगारांच्या मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे नोंदले गेले आणि ते ९६ मध्ये धरले गेले नाहीत. बोगद्यांतील धुरानेच ते मेले, असे त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे होते. धुराने आजारी पडलेल्या कामगारांनी न्यायालयात दावे लावले. ते १९३६ साली पैसे देऊन आपसांत मिटविण्यात आले.

हे कामकरी गिरमिटाने बांधलेले नव्हते. त्यांना काम सोडून जाण्याची मुभा होती. परंतु बाहेर दुसरे कामच नव्हते, त्यामुळे त्या मुभेस फारसा अर्थ उरला नव्हता. गिरमिटाच्या नोंदवहीत ज्यांच्या पूर्वजांचे नाव क्रमांकासह लिहिले गेले, त्यांना हे सहज उमगेल. १९४७ साली काँग्रेसने धरणास माजी अध्यक्ष हूवर यांचे नाव कायम केले. धरणापाशी मृत कामगारांचे स्मारकही आहे. वाळवंट फुलावे म्हणून त्यांनी प्राण वेचले, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. त्यापुढे उभे राहणाऱ्याने ९६ जणांबरोबर त्या बेचाळीस जणांचेही स्मरण करावे.