लॉर्ना

(जन्म १९४६). कोंकणी व इंग्रजी गीते गाणाऱ्या ज्येष्ठ गोमंतकीय गायिका. पूर्ण नाव लॉर्ना कोर्देरो. जॅझ संगीताची गायनरीती कोंकणी गीतात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘गोव्याची कोकिळा’ या नावानेही त्या ओळखल्या जातात.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व वाद्यवादन शिकविले जाई. त्यामुळे पोटासाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांना हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत प्रवेश सुलभ झाला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आलेल्या अमेरिकन वादकांच्या सहवासात चिक चॉकलेट (अँतोनियो झेवियर व्हाझ, १९१६–६७) यांच्यासारखे गोमंतकीय ट्रंपेटवादक जॅझमध्ये पारंगत झाले. तथापि या संगीताची भाषा इंग्रजीच राहिली. कोंकणी ही मांडो, दुलपद व तियात्र यांतील गीतांपुरती मर्यादित होती.

ही सीमा ओलांडण्याचे श्रेय मडगावचे ट्रंपेटवादक व संगीतरचनाकार ख्रिस पेरी (१९२८–२००२) आणि त्यांच्या वृंदात तरुणपणीच दाखल झालेल्या लॉर्ना यांच्याकडे जाते. चर्चगेटजवळील ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ या उपाहारगृहात त्यांचे कार्यक्रम लोकप्रिय होते. पेरी यांनी कोंकणी पदांना स्विंग व लॅटिन अमेरिकन नृत्यतालांची आणि पितळी सुषिरवाद्यांच्या भरगच्च स्वरमेळाची जोड दिली. ‘बेबदो’ (मद्यपी), ‘पिसो’ (वेडा), ‘नाचूंया कुंपासार’ ही त्यांपैकी विशेष गाजलेली गीते होत.

लॉर्ना यांचा आवाज भरदार, किंचित घोगरा व दूरवर पोहोचणारा आहे. शब्द तालाच्या थोडा मागे ठेवणे, स्वर घसरत नेणे आणि ट्रंपेटच्या स्वरवाक्यास गळ्याने उत्तर देणे ही जॅझची लक्षणे त्यांच्या गायनात दिसतात. मात्र कोंकणीतील अनुनासिक उच्चार व बोलीतील ठसका त्यांनी कोठेही हरवू दिला नाही. या ध्वनिमुद्रिका १९७०च्या सुमारास निघाल्या, तेव्हा कोंकणीस साहित्य अकादेमीची मान्यता (१९७५) किंवा गोव्यात राजभाषेचा दर्जा (१९८७) मिळालेला नव्हता. अशा काळात ही भाषा शहरी व आधुनिक जीवनही समर्थपणे व्यक्त करू शकते, याचा प्रत्यय या गीतांनी सामान्य श्रोत्यास दिला.

१९७०नंतरच्या दशकाच्या प्रारंभी पेरी यांच्याशी असलेला व्यावसायिक संबंध तुटला आणि ऐन उमेदीत लॉर्ना यांचे गाणे थांबले. सुमारे २४ वर्षे त्या रंगमंचापासून दूर होत्या. या काळात त्यांचे नाव जुन्या ध्वनिमुद्रिकांनीच जिवंत ठेवले. १९९५ मध्ये पणजीजवळ मिरामार येथे झालेल्या कार्यक्रमाने त्यांचे पुनरागमन झाले व मोठ्या जनसमुदायाने त्यांचे स्वागत केले. त्यानंतर नव्या ध्वनिमुद्रणांबरोबरच त्यांनी जाहीर कार्यक्रमही केले.

पेरी आणि लॉर्ना यांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘नाचूंया कुंपासार’ (२०१४) हा बार्ड्रॉय बार्रेतो दिग्दर्शित कोंकणी चित्रपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. हॉटेलांतील नृत्यसंगीत बहुधा त्या रात्रीपुरतेच उरते. परभाषेतील त्या संगीतास मातृभाषेचा आधार मिळाल्यामुळेच लॉर्ना यांचे गायन पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले.