गोल झालेला बोल्ट : शहापूर–मुरबाडच्या रस्त्यावरचा मापांचा इतिहास

१/ शहापूरहून कसारा घाटाकडे आणि मुरबाडहून माळशेजच्या पायथ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला मोटार दुरुस्तीची लहान गॅरेजे लागतात. तिथे दिवस खाणारी गोष्ट पुष्कळदा एक बोल्ट असते. माथ्याचे सहा कोपरे झिजून गोल झालेले, आटे गंजाने धरलेले. पाना लावावा तर घसरतो. हा बोल्ट गोल कसा झाला, हे समजण्यासाठी १८४१ सालच्या लंडनपर्यंत जावे लागते.

२/ तोवर प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे, हे ठरलेले. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी ती उचलून धरली.

३/ या मुलखात ब्रिटिश यंत्रसामग्रीची वाट रेल्वेने खुली केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. ब्रिटिश कारखान्यांतून आलेल्या यंत्रांबरोबर इंची मापही आले. लोखंडकाम आणि सुतारकामात आजही ऐकू येणारे ‘सूत’ हे इंचाचेच लेकरू : आठ सूत म्हणजे एक इंच.

४/ मात्र इंच एक असला तरी आटे एक राहिले नाहीत. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा अमेरिकी आटा मांडला. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, तर त्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टला १३. दोन्ही दिसायला जुळे. एकावर दुसऱ्याचा नट चढवला की एकदोन फेऱ्यांत अडकतो. १८९८ मध्ये झुरिक येथे युरोपीय अभियंत्यांनी मिलिमीटरचा आटा निश्चित केला. अशा तीन परंपरा झाल्या.

५/ पान्यांवरचे आकडेही तीन भाषा बोलतात. जुन्या व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, माथ्याच्या रुंदीचा नव्हे. पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर असते. अमेरिकी पान्यावर माथ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर इंचात असते. मेट्रिक पान्यावर तेच अंतर मिलिमीटरमध्ये.

६/ दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना याची झळ बसली. अमेरिकी आणि ब्रिटिश यंत्रांचे नट-बोल्ट परस्परांना चालत नव्हते. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा सामाईक इंची आटा मान्य केला. तोपर्यंत युद्धासाठी बनलेल्या जीप जगभर पसरल्या होत्या.

७/ त्याच काळात भारतात मोटार उद्योग उभा राहत होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी गाड्या आणि पुढे इटालियन फियाट बाहेर पडल्या. महिंद्रने अमेरिकी विलीस जीपची जुळणी हाती घेतली. टाटांनी १९५४ मध्ये जर्मन मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक बांधले. फियाट आणि मर्सिडीज मिलिमीटरच्या, जीप इंचाची, आणि मॉरिसवरून घेतलेली अँबॅसिडरही इंचाची. मुंबई–आग्रा आणि कल्याण–नगर या दोन्ही रस्त्यांनी हा सारा गोतावळा अंगावर खेळवला.

८/ भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली. बाजारातला शेर गेला, किलो आला. धावत्या गाड्यांचे बोल्ट मात्र कायद्याने बदलत नाहीत. उलट १९८० च्या दशकात महिंद्रच्या जीपमध्ये फ्रेंच प्यूजोचे डिझेल इंजिन बसू लागले. ते शहापूरपासून घाट चढल्यावर लागणाऱ्या इगतपुरीच्या कारखान्यात तयार होई. विलीस घराण्याच्या इंची सांगाड्यावर मिलिमीटरचे इंजिन : एकाच गाडीत दोन मापे नांदू लागली.

९/ आता गणित पाहू. अर्ध्या इंचाचा अमेरिकी माथा १२.७ मिलिमीटरचा. त्यावर १३ चा पाना ‘बसतो’. फट अवघी ०.३ मिलिमीटर. पण तेवढ्या फटीमुळे पाना सुमारे अडीच अंश मोकळा फिरतो आणि मग फक्त कोपऱ्यांवर टेकतो. सारा जोर सहा कडांवर येतो. बोल्ट सैल असेल तर निभावते. जाम असेल तर कडा सोलल्या जातात. चुकीच्या पान्याची स्वाक्षरी म्हणजे गोल माथा.

१०/ बोल्ट जाम करण्याचे काम पाऊस करतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो. आट्यांमधल्या अरुंद फटीत तो वाढला की पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन पकड आणखी वाढते.

११/ यावरचा पहिला उपाय म्हणजे धीर. भोवतीचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, पातळ तेल सोडायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. माथ्यावर सरळ, बेताचे ठोके दिले की गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरते. मग बोल्ट आधी किंचित आवळायचा, नंतर सोडायचा. पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. एका दमात जोर करणारा बहुधा बोल्ट तोडतो.

१२/ माथा गोल झाला असेल तर बारा कोनांची रिंग बाजूला ठेवून सहा कोनांची गोटी घ्यायची. ती कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर जोर देते. १२.७ चा झिजलेला माथा कानशीने घासून बाराचा करतात आणि बाराची गोटी हातोडीने त्यावर ठोकून बसवतात. इंचाचे मिलिमीटरमध्ये असे रूपांतर कानशीने होते. गोटी बसण्याजोगी नसेल तर माथ्याच्या कडेला छिन्नी तिरकी लावून बोल्ट सुटण्याच्या दिशेने ठोकतात.

१३/ त्यानेही भागले नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बोल्टभोवतीचा भाग तापवला की भोक किंचित मोठे होते. गरम आट्यांवर मेण लावले तर ते वितळून आत ओढले जाते. माथा पुरता गेला असेल तर त्यावर नवा नट वेल्डिंगने जोडतात. पकडही मिळते आणि तापही आत पोहोचतो. त्याआधी बॅटरी सोडवणे आणि इंधनाची नळी दूर करणे अटळ.

१४/ बोल्ट आतच तुटला तर पणाला बरेच काही लागते. मधोमध पंचाची खूण करून भोक पाडायचे, त्यात उलट आट्याचा निमुळता दांडा फिरवून तुकडा बाहेर काढायचा. भोक जरा तिरके गेले तर हेडचे आटे जातात. हाच कडक दांडा आत मोडला तर त्यावर साधे ड्रिलही चालत नाही. मग हेड उतरवून मोठ्या वर्कशॉपची वाट धरावी लागते. सवारीवर चालणाऱ्या जीपच्या घरी तितके दिवस कमाई नसते.

१५/ ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने पाहायला सांगितले. त्या नजरेने पाहिले तर व्हिटवर्थ आणि सेलर्स यांच्या कथेचा उत्तरार्ध या दोन रस्त्यांच्या कडेला घडला. लंडन, फिलाडेल्फिया आणि झुरिक येथे जे मतभेद कागदावर राहिले, ते इथल्या कारागिरांनी बोटांच्या अंदाजाने मिटवले.

१६/ या कारागिरांच्या नोंदी दप्तरखान्यात सापडत नाहीत. कोणत्या गाडीला कोणता पाना, कोणत्या बोल्टला किती ताप, हे ज्ञान उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे गेले. जुन्या जीप भंगारात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर इंची पानेही. गॅरेजातल्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीने खोक्याच्या तळाशी जपलेला, आकडा झिजलेला पाना हा त्या इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे. तो वाचून दाखवणारा आहे, तोवर विचारून घ्यावे.