असीरगडाचा दरवाजा: आप्पासाहेब भोसले आणि चितू पेंढारी

फेब्रुवारी १८१९. असीरगडाजवळच्या रानात खोगीर-लगामासह एक घोडा एकटाच चरताना आढळला. खोगिरात २५० रुपये, मुद्रांच्या काही अंगठ्या आणि नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची पत्रे होती. पत्रांत पुढे बक्षीस देण्याचे वचन होते.

घोडा चितू पेंढाऱ्याचा होता.

आप्पासाहेबांचे वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरली, जानेवारीच्या करारात गाविलगडासह वऱ्हाडातील उरलेसुरले हक्क गेले आणि मार्चमध्ये रेसिडेंट जेन्किन्सने त्यांना कैद केले. अलाहाबादेस नेत असता १३ मे १८१८ च्या रात्री, जबलपूरजवळच्या मुक्कामातून, ते शिपायाच्या वेषात निसटले. पहाऱ्यावरचेच काही शिपाई त्यांना सामील होते. पुढे पचमढीच्या महादेव डोंगरांत गोंड राजांनी त्यांना आसरा दिला.

तेथेच चितू त्यांना येऊन मिळाला. माल्कम लिहितो, की दुष्काळात विकला गेलेला हा जाट पोर एका पेंढाऱ्याने विकत घेऊन वाढवला. पुढे तो हजारो स्वारांचा नायक झाला. आता ती फौज उधळली होती. इंग्रजांना शरण जाण्याची संधी आली, पण काळ्या पाण्याच्या धास्तीने तो पळाला. त्याला दयाळू म्हणणे धाडसाचेच. वऱ्हाडातील गावांनी पेंढाऱ्यांच्या धाडी पुरेपूर सोसल्या होत्या. तरीही राज्य गमावलेल्या राजाकडून कागदी वचनापलीकडे काही मिळणार नाही, हे त्याला कळत नसेल असे वाटत नाही.

इंग्रजी फौजांनी डोंगर वेढले, तेव्हा दोघे सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेस, मेळघाटापलीकडच्या असीरगडाकडे निघाले. किल्लेदार जसवंतराव लाड याने राजाला आत घेतले; पेंढाऱ्याला दार बंदच राहिले. पाठलाग चुकवीत चितू एकटाच रानात शिरला. शोध घेणाऱ्यांना आधी रक्ताने माखलेले कपडे, मग हाडे आणि अखेर शिर मिळाले. वाघाने त्याला मारले होते. अवशेष दफनासाठी मुलाच्या हवाली करण्यात आले.

९ एप्रिलला असीरगड पडला. आप्पासाहेब आत नव्हते. पंजाब आणि हिमालयातील मंडी असा प्रवास करीत ते जोधपूरच्या मानसिंहांच्या आश्रयास गेले आणि १८४० मध्ये तेथेच वारले.

वऱ्हाडाला मात्र हे पटले नसावे. १८४९ मध्ये या मुलखात एकाने स्वतःला आप्पासाहेब म्हणवून माणसे गोळा केली. त्याला पकडण्यासाठी फौज पाठवावी लागली.