प्रोसेसरचे तापमापन

संगणकाचा प्रोसेसर काम करत असताना त्यातील सिलिकॉन चिप किती तापते, हे मोजण्याची पद्धत. चिप धातूच्या झाकणाखाली असल्याने बाहेरून तिचे तापमान घेता येत नाही. झाकणावर थर्मोकपल हा तापमान मोजणारा संवेदक बसवला तरी आतली चिप त्याहून बरीच गरम असते. म्हणून चिपमध्येच कोरलेल्या संवेदकांवर भिस्त ठेवावी लागते.

इंटेलच्या कोअर प्रोसेसरांतील संवेदक थेट तापमान नोंदवत नाही. कमाल मर्यादा अजून किती अंश दूर आहे, एवढेच तो सांगतो. ही मर्यादा अनेक मॉडेलांत १०० अंश सेल्सिअस असते. तिच्यातून तो आकडा वजा करून एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्राम तापमान दाखवतात. चिप जळू न देणे हे संवेदकाचे मूळ काम. त्यामुळे तो मर्यादेजवळ अचूक, तर थंड चिपवर बराच ढोबळ असतो, आणि रिकाम्या बसलेल्या संगणकाच्या आकड्यांवरून कूलरांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. एएमडीच्या २०१७ मधील रायझन ७ १८००एक्सवर तर दिसणारा एक आकडा पंख्यांच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला होता.

कूलरांची तुलना करताना सर्वांत मोठी फसगत विजेच्या बाबतीत होते. आजचे प्रोसेसर थंडावा मिळेल तसा वेग वाढवतात. रायझन ७००० मालिकेतील वरची मॉडेले पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेली आहेत. त्यांना चांगला कूलर लावला तर तापमान तेच राहून वेग वाढू शकतो. म्हणून चाचणीपूर्वी वीजमर्यादा ठरावीक वॅटवर बांधून घ्यावी. भारही तोच हवा: प्रोसेसरवर भार टाकणारा प्राइम९५ हा प्रोग्राम वापरल्यास तीच आवृत्ती, तेच पर्याय. पंख्यांची गतीही स्थिर ठेवावी.

खोलीचे तापमान कूलर जिथून हवा ओढतो तिथे, चाचणीभर मोजावे. आकडे स्थिरावल्यावरच्या काही मिनिटांची सरासरी घ्यावी. क्षणिक उच्चांक धरू नये. पाण्याच्या कूलरला स्थिरावायला हवेच्या कूलरपेक्षा जास्त वेळ लागतो. झाकण आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा थर दरवेळी थोडा वेगळा बसतो, त्यामुळे कूलर काढून, पेस्ट पुसून, पुन्हा बसवून चाचणी निदान तीनदा करणे योग्य.

निष्कर्ष दर वॅटमागे किती अंश वाढले, या रूपात मांडतात. खोली २७ अंश, चिप ७७ अंश आणि वीजवापर १०० वॅट असेल, तर उत्तर ०.५ अंश प्रतिवॅट.